जिभेची शिकवणी

हर्षदाने लोणच्याच्या बरणीचं झाकण स्वतःच्या हाताने उघडलं, आणि तिचा नवरा धनंजय म्हेत्रे याच्या पोटात दुखायला लागलं. बायको बरी होऊ लागली तर नवऱ्याने पेढे वाटावेत, ही जगाची रीत. धनंजयनेही वाटले. सांगलीतल्या आपल्या कॉलनीत घरोघर जाऊन वाटले, प्रत्येक दारात 'देव पावला' म्हणूनही झालं. पण घरी येऊन रिकामा पुडा कचऱ्यात टाकताना एकच गोष्ट त्याच्या मनात सलत होती. झाकण उघडायला तिने आपल्याला हाक मारली नाही.

गेलं एक तप त्या घरातली सगळी झाकणं त्यानेच उघडली होती. हर्षदाला आमवाताने गाठलं तेव्हा ती पस्तिशीची होती. सकाळी उठलं की बोटं सुजून ताठ, गुडघे वाकायला तयार नाहीत. शाळेतली चित्रकलेची नोकरी सुटली. धनंजय पाटबंधारे खात्यात अभियंता. बढती आली की मागोमाग बदली येते, म्हणून त्याने बढतीच नाकारली आणि बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरला. सुरुवातीला त्याच्या भाकरीत नाना देशांचे नकाशे दिसत. पुढे मात्र त्याच्या हातचा अख्खा मसूर खायला इस्लामपूरची माणसं यायला लागली, आणि अख्ख्या मसुरावर इस्लामपूरकराने मान डोलावणं ही काही साधी गोष्ट नाही. तो तिची वेणी घाली, बटणं लावी, मसुरात भाकरी कुस्करून देई. कॉलनीच्या महिला मंडळाने एका वटपौर्णिमेला त्यालाच वडाखाली बसवून शाल-श्रीफळ दिलं.

माणूस चांगला होता, त्यात शंका नको. पण चांगुलपणाचीही चटक लागते. आणि एकदा लागली की समोरचं माणूस अंथरुणावरच बरं दिसतं. हे धनंजयला कुणी तोंडावर सांगितलं असतं, तर त्याने त्याला चहासुद्धा न विचारता जिना दाखवला असता.

हर्षदाला बरं करत होती ती 'शिकवणी'. मिरजेच्या एका दवाखान्यात नुकताच सुरू झालेला हा उपचार. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, पण लोकांनी त्याला शिकवणीच करून टाकलं होतं. तिथल्या डॉक्टर तस्नीम बागवान यांनी पहिल्याच भेटीत नवरा-बायकोला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं होतं. चिंच म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, त्या म्हणाल्या. चिंच समोर नसते, तरी सुटतं, कारण शरीर शिकलेलं असतं. तशीच आपली रोगप्रतिकारशक्तीही शिकते. आमवातात ही शक्ती घराची राखण करायची सोडून घरच फोडायला लागते, सांध्यांवर चालून जाते. औषध तिला आवरतं, पण जन्मभर औषध घेत राहिलं तर त्याची किंमत बाकीचं शरीर मोजतं. मग शिकवणीत काय करतात, तर दर वेळी औषधाबरोबर एक अगदी नवी, कधीच न चाखलेली चव जिभेवर देतात. मेंदू आणि प्लीहा, म्हणजे ह्या शक्तीची छावणी, यांच्यात मज्जातंतूंची वाट असते. त्या वाटेवर चवीची आणि औषधाची गाठ बसते. गाठ पक्की झाली की औषध कमी करत न्यायचं. चव आली की शरीर आपण होऊन शांत होतं. अधूनमधून औषधाची उजळणी केली की पुरे.

पण ह्या विद्येचे नियम कडक होते. चव रोग्याने दर वेळी स्वतःच्या हाताने करायची. निवडायचं, कुटायचं, गाळायचं सगळं आपण. दुसऱ्याने आयता पेला हातात दिला तर गाठ सैल बसते, कारण मेंदूला हाताची ती धडपडही हवी असते. दुसरा नियम असा, की ती चव घरातल्या माणसाला कळता कामा नये. ती ठरवायची बाहेरच्या माणसाने, कारण घरच्याच्या हातची प्रत्येक चव जिभेला पाठ असते. त्यासाठी शिकवणीतल्या दोन रोग्यांची जोडी लावत. हा तिची चव ठरवणार, ती ह्याची. आणि तिसरा नियम सगळ्यांत मोठा. ती चव शिकवणीबाहेर, रोजच्या जेवणात, कधीही यायची नाही. आली तर शरीराला वाटतं हिला काही अर्थ नाही, आणि गाठ सुटते. "चिमूटभर असली तरी," डॉक्टर बागवान म्हणाल्या होत्या. "जिभेला कळणार नाही इतकी असली, तरी अंगाला कळते."

कुटायचं तेवढं मी कुटून देतो, असं धनंजयने लगेच सुचवलं होतं. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, की घरच्यांनी हात बांधून बसणं हेच ह्या उपचारातलं सगळ्यांत अवघड काम आहे. हर्षदाही हसली. धनंजयला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

हर्षदाची जोडी लागली ती सन्मती मगदूम यांच्याशी. हे गृहस्थ कुपवाडचे, विधुर, बरीच वर्षं रत्नागिरीला बंदर खात्यात नोकरी करून परतलेले. त्यांना पाठीच्या मणक्यांचा वात होता. चालताना जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखे वाकून चालत. दिसायला बेताचे, बोलायला त्याहून बेताचे. अशा माणसाचा हेवा करायचा म्हणजे हेवा करणाऱ्याचीच इभ्रत जाते. पण धनंजयने ती घालवली.

एके संध्याकाळी तो हर्षदाच्या गुडघ्यांना कोमट तेल चोळत बसला होता. तिच्या मनगटावर शिकवणीची पट्टी होती. कातडीखाली बसवलेला तांदळाएवढा कण रक्तातला दाह मोजी आणि पट्टीवर रंग दाखवी, लाल, पिवळा किंवा हिरवा. धनंजय चोळताना पट्टीकडेच बघत होता. पिवळी. बराच वेळ चोळलं, तरी पिवळी. तेवढ्यात सन्मतींचा फोन आला. आज किती कुटलंत, कुठली बोटं दुखली, माझी पाठ आज बरी आहे, असलं काहीतरी बोलणं. हर्षदा उठून खिडकीशी गेली, बोलता बोलता फेऱ्या मारायला लागली, आणि ती वळली तेव्हा पट्टी हिरवी झालेली होती. धनंजयच्या हाताला तेल तसंच राहिलं. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की हा फरक सन्मतींचा नाही, उठून चालण्याचा आहे. पण त्याने विचारलं नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि तिळपापड झालेला माणूस शंका विचारत नाही.

मग त्याला आणखी एक गोष्ट कळली. आपल्या बायकोने त्या माणसासाठीही एक चव ठरवली आहे. कुठली ते ती सांगणार नव्हती, नियमच होता. पण जिने एक तप स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं, तिने एका परक्या पुरुषाच्या जिभेला काय रुचेल याचा तासन् तास विचार केला, ह्या कल्पनेनेच तो ताटावरून अर्धपोटी उठायला लागला. बारा वर्षं भरवलं मी, आणि अंग ऐकतंय त्याचं. कानामागून आला आणि तिखट झाला.

हर्षदाने सन्मतींना एका रविवारी घरी जेवायला बोलावलं. धनंजयने अख्खा मसूर केला, आणि चातुर्मास चालू आहे, पाहुणा जैन आहे, हे पक्कं माहीत असताना त्यात मूठभर लसूण आणि दोन कांदे घातले. वर 'अरे, माझ्या लक्षातच आलं नाही' असं म्हणण्याची तयारीही करून ठेवली. सन्मतींनी ताट बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मला दहीभात चालतोय की. काही त्रास नको."

हर्षदा उठली. धनंजय अर्धवट उठेपर्यंत ती ओट्याशी पोचलीसुद्धा होती. तिने कढल्यात तूप घातलं, जिरं टाकलं, कढीपत्त्याची पानं जरा चाचपडतच देठापासून खुडली, आणि चरचरीत फोडणी दहीभातावर ओतली. एक तप उलटल्यावर त्या घरात तिच्या हातची पहिली फोडणी पडली, ती सन्मती मगदूमांच्या भातावर. ते जेवले आणि म्हणाले, "छान झालंय, हर्षदा." आल्यापासून ते तिला वहिनी म्हणत होते. धनंजयने आपल्या ताटातला मसूर संपवला, पण त्याला कशाचीच चव लागली नाही.

त्या दुपारी ती भांडी आवरत असताना तो जवळ गेला, तेव्हा तिच्या बोटांना एक वास आला. सकाळी तिने शिकवणीचं कुटलं होतं, त्याचा. लिंबासारखा, पण लिंबू नव्हे. मिऱ्यासारखा, पण मिरं नव्हे. दुसरा कुणी असता तर त्याला काही कळलं नसतं. धनंजय मात्र बारा वर्षं मसाले भाजणारा माणूस होता. त्याने मनातल्या मनात बराच शोध घेतला. मग रत्नागिरी आठवली. कोकणी मालाच्या दुकानात जाऊन त्याने तिरफळं हुंगली, एक चावून पाहिलं, जीभ झिणझिणली, आणि त्याला सापडलं. सोबत लिंबाच्या भाऊबंदातल्या महाळुंगाची वाळलेली साल होती, तेही पुढच्या दोन-चार दिवसांत वासावरून कळलं. आपल्याला कळलं आहे याचा त्याला इतका आनंद झाला, की तो आनंद कशासाठी आहे हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

आता ती चव त्याच्याही हातात होती.

हर्षदाचं औषध तेव्हा जवळजवळ बंद झालं होतं. चवच काम करत होती. धनंजयने तिरफळ आणि साल भाजून पूड केली, आणि मसुराच्या पातेल्यात दर वेळी चिमूटभर टाकू लागला. लसणीखाली ती जिभेला कळायची नाही, हे त्याला ठाऊक होतं. हे काही विष नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. कोकणात लोक रोज खातात. एवढंच की बरं होण्याचा वेग जरा कमी होईल. एवढी घाई कशाला आहे तिला? माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील दुसरा सापडत नाही.

पट्टी आधी पिवळी झाली, मग सकाळच्या वेळी लाल दिसू लागली. एके दिवशी हर्षदा खोलीतून म्हणाली, "अहो, जरा बटणं लावता का?" धनंजय धावत गेला. त्याने बटणं लावली, वेणी घातली, भाकरी कुस्करून दिली. घर पुन्हा पूर्वीसारखं झालं. त्याला सुख वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याला मनापासून सुख वाटलं. शेजारच्या बाईंनी, "बिचाऱ्या, पुन्हा दुखणं उलटलं वाटतं," असं म्हटल्यावर त्याने जो चेहरा केला, तो मात्र पुरता खोटा नव्हता. तेवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

हर्षदा रडली नाही. तिने कुटायचं सोडलं नाही. एका सकाळी धनंजय दारात आला तेव्हा ती ओट्याशी उभी होती. बोटं मिटत नव्हती, म्हणून तिने बत्ता दोन्ही मनगटांत धरला होता आणि ती खलात एकेक घाव घालत होती. बत्ता निसटला, फरशीवर पडला. ती खाली बसली, मनगटांनीच तो उचलला, धुतला, पुन्हा सुरू केलं. धनंजय दाराला धरून उभा राहिला. आता बस, उद्यापासून नाही टाकायचं, असं त्याने त्या क्षणी ठरवलं. मग सन्मतींचा फोन आला आणि ती म्हणाली, "होय, पडला की हो बत्ता. पण केलं मी, पुरं केलं." पडला होता तेव्हा समोर धनंजय होता, सांगितलं मात्र सन्मतींना. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा चिमूट टाकली.

मधेच हर्षदाचं पोट बिघडलं. मी आठवडाभर दहीभातच खाणार, तोही मीच करून घेणार, म्हणाली. धनंजयला राग आला, पण करतो काय. तेवढ्या दिवसांत पट्टी पुन्हा पिवळ्यावर आली. मग ती आपण होऊन म्हणाली, "आज तुमचा मसूर करा की. लई दिवस झाले." तो इतका खूश झाला की बाजारातून ताजी कोथिंबीर घेऊन आला. त्याने झकास मसूर केला, आणि सवयीने हात त्या पुडीकडे गेला. दोन दिवसांत पट्टी लाल झाली. हर्षदा बराच वेळ पट्टीकडे बघत बसली.

दवाखान्यातून बोलावणं आलं. डॉक्टर बागवान, हर्षदा, धनंजय आणि सन्मती एका टेबलाभोवती बसले. डॉक्टरांनी आलेख दाखवला आणि सांगितलं, की हे उपचाराचं अपयश वाटत नाही. चव कुठूनतरी जेवणात झिरपते आहे. चव माहीत असलेली माणसं दोनच; तेव्हा जोडीदाराकडून काही हलगर्जी झाली असेल, तर जोडी मोडावी लागेल. त्या बोलल्या सौम्यपणे, पण सगळ्यांची नजर सन्मतींकडे गेली.

सन्मतींनी वाकलेली मान जरा वर केली. "मला काही आठवत नाही," ते म्हणाले. "पण माझ्याकडनं चूक झाली असंल तर मला काढा. ह्यांची शिकवणी थांबवू नका."

धनंजयला हवं होतं ते अगदी ताटात वाढून समोर आलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तो गप्प बसला. सन्मतींनी आपल्याला काढा म्हणावं, आणि तेही अशा सुरात, याचासुद्धा त्याला हेवा वाटला. आपल्याला कधी असं म्हणता आलं असतं का?

"त्यांची चूक नाही," हर्षदा म्हणाली. "माझी आहे. तिरफळ बाजारात दिसलं, ते मीच घरी आणलं. चव आवडली होती. चोरून घालत होते मसुरात."

बोलताना ती डॉक्टरांकडे बघत नव्हती. धनंजयकडे बघत होती. तिच्या चवीचं हे नाव त्याने त्या क्षणी पहिल्यांदा ऐकायला हवं होतं, कसलं तिरफळ म्हणून विचारायला हवं होतं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलंच नाही. उमटायला हवं, हे त्याच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता.

डॉक्टर रागावल्या, मग नरमल्या. नवी चव घेऊन पहिल्यापासून सुरू करू, म्हणाल्या. जोडी तीच राहील. मात्र जीभ घरच्या जेवणात गोंधळली आहे, तेव्हा काही महिने हर्षदाने स्वतः केलेलंच खायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचा घाससुद्धा नाही.

विनाचालक रिक्षा सांगलीच्या रस्त्याला लागली. घरी आल्यावर हर्षदाने चपला काढल्या, खुर्चीत बसली, आणि म्हणाली, "आठवडाभर दहीभात खाल्ला तवा कळलं. खात्री करायला परत मसूर मागितला."

"हर्षदा," तो म्हणाला, "तू मला वाचवलंस."

"तुम्हाला नाही वाचवलं. तुमचं नाव सांगितलं असतं तर घर भरवशाचं नाही म्हणून मलाच काढलं असतं शिकवणीतनं. मला बरं व्हायचंय. तेवढ्यासाठी खोटं बोलले." ती थोडं थांबली. "बारा वर्षं केलंत ते खरंच होतं. हेही खरंच आहे. दोन्ही एकाच हातानं केलंत, म्हणून आता ह्या घरात मला कुठला हात धरायचा ते कळंना झालंय."

धनंजय रडला. हेवा वाटत होता, असं त्याने सांगितलं. सन्मतींचा, त्या पट्टीचा, आणि खरं म्हणजे तिच्या हातांचा. ते हात आपल्यावाचून चालायला लागले तर आपण कशाला उरणार, हे भय होतं, म्हणाला. तिने सगळं ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाली नाही. भूक लागली आहे, म्हणाली, आणि उठली.

स्वयंपाकघरात तिने परातीत पीठ घेतलं. पाणी घातलं, ते जास्त झालं. पुन्हा पीठ घातलं. सुजलेल्या बोटांनी मळताना तिचे ओठ आवळले जात होते. धनंजय पाटावर बसून बघत होता आणि त्याचे हात आपसूक पुढे येत होते. एकदा तो उठलाच.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. भाकरी तव्यावर पडायला फार वेळ लागला. पडली तीही एका कडेला फाटून. शेगडीने आपल्या गोड आवाजात आच कमी करण्याची सूचना केली. हर्षदाने तिला गप्प केलं आणि आच वाढवली. भाकरी फुगली नाही. तिने ती दोन्ही मनगटांत उचलून त्याच्या ताटात ठेवली, शेजारी पिठलं वाढलं, आणि स्वतःचं ताट घेऊन समोर बसली.

भाकरी मधे कच्ची होती. पिठल्यात मीठ कमी होतं. बारा वर्षं स्वयंपाक केलेल्या माणसाच्या जिभेला दोन्ही लगेच कळलं, आणि जिभेवर आलेलं त्याने परत गिळलं.

"नवी चव कोण ठरवणार?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

"सन्मतीच. आणि तुम्हाला वास आला, तरी ओळखायची नाही."

त्याच्या छातीत तीच जुनी कळ उठली. तशीच, तेवढीच. ती जाईल असं त्याला वाटलं होतं, पण ती कुठेच गेली नव्हती. त्या कळेसकट जेवायचं होतं. त्याने मान खाली घातली आणि भाकरी संपवली.

"आणखी वाढू?" हर्षदाने विचारलं. तिची बोटं लालबुंद झाली होती आणि परातीत अजून एका भाकरीचं पीठ होतं.

नको, दमलीस, राहू दे, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले.

"वाढ," तो म्हणाला.